गढूळ पाणी, साबण आणि मातीचे कण

भोर तालुक्यात आंबवड्याच्या परिसरात पावसाळ्यात भातखाचरांची चिखलणी होते. खाचरातले पाणी बाटलीत भरून ठेवा. वाळू लगेच तळाशी बसते, पण पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसते. असे का?

चिकणमातीचे कण 2 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या 500व्या भागापेक्षाही लहान असतात. ते पापुद्र्यांसारखे चपटे असून सपाट बाजूंवर ऋणभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. कडांवर मात्र बरेचदा धनभार असतो. दाट चिखलात एकाची कड दुसऱ्याच्या सपाट बाजूला चिकटून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना होते. म्हणूनच स्थिर ठेवलेला चिखल घट्ट होतो आणि ढवळला की सैल पडतो.

साबणाच्या रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके व पाणी टाळणारी शेपटी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर हे रेणू गोळा होतात, म्हणून पृष्ठताण घटतो आणि फेस येतो. अशा पदार्थांना पृष्ठक्रियाशील पदार्थ म्हणतात. मातीवर त्यांचा परिणाम डोक्यावरील भारावर ठरतो.

साबणाचे डोके ऋणभारित असते. ते सपाट बाजूंवर फारसे बसत नाही, पण कडांवरचा धनभार झाकते. बंगला कोसळतो, चिखल पातळ होतो, गढूळपणा टिकतो. जखम धुण्याच्या काही द्रवांतील सेट्रिमाइडचे डोके धनभारित असते. ते सपाट बाजूला चिकटते, शेपट्या बाहेर राहतात. कण पाणी टाळू लागतात, गोळा होतात व खाली बसतात. प्रमाण फार वाढवले तर शेपट्यांवर दुसरा थर बसून डोकी बाहेर येतात आणि कण पुन्हा सुटे होतात!

वर्गात हे करून पाहा. चार पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या. पहिल्यात काहीच घालू नका. इतरांत अनुक्रमे साबणाचे पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा आणि सेट्रिमाइडयुक्त द्रवाचे काही थेंब घाला. साबणाऐवजी धुण्याची पावडर वापरू नका. तिच्यात सोडाही असतो, आणि सोडा एकटाही कण सुटे ठेवतो. मग स्वच्छ पाण्यात तितकेच सेट्रिमाइड घालून दोन्ही पाणी बाटल्यांत हलवा. गढूळ पाण्यात फेस कमी येईल, कारण बरेचसे रेणू मातीनेच अडकवलेले असतात.

तुरटीतले ॲल्युमिनिअमही असेच धनभारित असते. म्हणून ती पाणी निवळते. पण निवळलेले पाणी जंतुमुक्त असतेच असे नाही. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगा: पिण्याचे पाणी निवळल्यावर उकळायलाच हवे, आणि प्रयोगाच्या पेल्यांतले पाणी मुळीच पिऊ नये.