निगेटिव्हचे अंकीकरण : शास्त्र आणि व्यवहार

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने फोटोच्या फिल्मवर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढे जे शिकलो ते मोफत वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि मोर्चात. रसायनशास्त्राचे जाणकार म्हणून आम्ही येथे उभे नाही. लालबागच्या एका कचेरीतील पत्र्याच्या ट्रंकेने आम्हाला हा विषय शिकणे भाग पाडले, एवढेच.

त्या ट्रंकेत निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या आणि दोन डबे भरून स्लाइडी होत्या. कॅमेऱ्याचा नाद असलेल्या एका गिरणी कामगाराने त्या काढलेल्या. गेटसभा, शिबिरे, गणपतीपुढची भजने, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातील मोर्चे. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, माणसे विखुरली. राहिले ते या ट्रंकेत. ट्रंक उघडली तेव्हा आत लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास येत होता. तो वास कशाचा, या प्रश्नापासून आमचा अभ्यास सुरू झाला.

मुंबईला फोटोग्राफी नवी नाही. येथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला, तो दादरच्या त्यांच्या स्टुडिओत तयार झालेला. म्हणजे फिल्म ही वस्तू आपल्या गल्लीबोळांतलीच आहे. ती आहे तरी काय, हे मात्र आपल्याला ठाऊक नसते.

निगेटिव्ह म्हणजे दोन थरांची वस्तू. खाली पारदर्शक पाया, वर जिलेटिनचा पातळ लेप. कृष्णधवल फिल्मच्या लेपात चांदीचे सूक्ष्म कण असतात आणि त्या कणांचेच चित्र बनते. म्हणूनच जुन्या फिल्म भंगारात वजनावर जातात. माणसे जळतात आणि चांदी निघते. रंगीत फिल्ममध्ये शेवटी चांदी उरत नाही, रंगद्रव्यांचे तीन थर उरतात. चांदीचे चित्र नीट धुतलेले असेल तर दीर्घकाळ टिकते. रंगद्रव्य मात्र अंधारात ठेवले तरी हळूहळू उडते. जुन्या रंगीत फोटोंत सगळे जग तांबूस दिसते ते यामुळेच : बहुधा निळसर द्रव्य आधी गेलेले असते.

पाया तीन प्रकारचा. पहिला नायट्रेटचा. तो भयंकर ज्वालाग्राही असून १९५० नंतरच्या एकदोन वर्षांत त्याचे उत्पादन थांबत गेले. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशा रिळांना आग लागून जुन्या चित्रपटांचा मोठा ठेवा भस्म झाला. कोणाच्या घरी फार जुनी फिल्म असेल तर तिच्या कडेवरचा मजकूर भिंगातून पाहावा. ‘सेफ्टी’ असे छापलेले असले तर साधारणपणे चिंता नाही. नसले तर जाणत्यास दाखविल्यावाचून तिला हात लावू नये. दुसरा पाया ॲसिटेटचा. आपल्या घरांतील बहुतेक निगेटिव्ह याच जातीच्या. हा सहजासहजी पेटत नाही, पण उष्णता आणि दमट हवा यांनी कुजतो, आणि कुजताना त्यातून शिरक्याचे आम्ल सुटते. आमच्या ट्रंकेतला वास हाच. ते आम्ल कुजण्याला आणखी वेग देते, शेजारच्या फिल्मलाही बाधते. पाया आकसतो आणि लेपाला सुरकुत्या पडतात. तिसरा पॉलिएस्टरचा, तो सर्वांत टिकाऊ, पण घरगुती रिळांत क्वचित आढळतो.

त्यात आपली मुंबई! जिलेटिन म्हणजे हाडाकातड्यांपासून काढलेला सरस. बुरशीला त्याहून गोड खाऊ नाही. चार महिन्यांच्या पावसात चाळीच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या फिल्मचे काय होते ते सांगायला नको. बुरशी दिसली म्हणून ओल्या फडक्याने पुसणे हा तर घातच होय. बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि फडक्याबरोबर चित्रही निघून येते.

म्हणून अंकीकरण, म्हणजे बाजारात ज्याला ‘स्कॅनिंग’ म्हणतात ते. फिल्ममधून प्रकाश सोडावयाचा, दुसऱ्या बाजूस तो बिंदूबिंदूने मोजावयाचा आणि प्रत्येक बिंदूचे माप आकड्यांत लिहून ठेवावयाचे, एवढीच ही विद्या. साधने अनेक. सपाट काचेचा स्कॅनर, खास फिल्मसाठी बनविलेला स्कॅनर, फिल्म नळकांड्यावर चिकटवून फिरविणारा ड्रम स्कॅनर, आणि अलीकडे फार रूढ झालेली रीत म्हणजे प्रकाशाच्या पाटीवर फिल्म सपाट धरून जवळचे टिपणाऱ्या भिंगाने डिजिटल कॅमेऱ्यातून तिचा फोटो घेणे. कोणते साधन, यापेक्षा किती बारकाईने मोजले आणि कोणी मोजले, हे महत्त्वाचे.

हा धडा आम्ही फी भरून शिकलो. प्रथम एका दुकानात आम्ही पट्ट्या दिल्या. दर स्वस्त होता. तेथे त्या कोरड्या कापडाने खसखसा पुसल्या गेल्या, ओरखडे पडले, आणि हाती आली ती लहान लहान चित्रे. आम्ही खूश होतो. मग एके दिवशी काळाचौकीच्या एक वहिनी कचेरीत आल्या. त्यांचे यजमान संपानंतर गावी वारले होते आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. “भाऊ, हे मोर्चात पहिल्या रांगेत असायचे. कुठं दिसतात का बघा,” एवढेच त्यांचे मागणे. आम्ही संगणकावर मोर्चाचे चित्र मोठे केले. रांग होती, टोप्या होत्या, पण चेहऱ्यांच्या जागी नुसते करडे चौकोन.

असे का व्हावे? हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. तीत मोर्चाची सबंध रांग. एका माणसाचा चेहरा त्यावर जेमतेम एकतृतीयांश मिलिमीटर. दुकानदाराने सबंध रुंदीला १,५०० बिंदू घेतले होते; म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला आले १४. चौदा ठिपक्यांत माणूस मावत नाही. त्याच चौकटीत इंचाला ४,००० बिंदू घेतले तर रुंदीला सुमारे ५,६७० येतात, आणि चेहऱ्याला पन्नासच्या वर.

दादरला या कामातील एक जाणता कारागीर भेटला. त्याने पट्ट्या आधी हवेच्या फुग्याने झाडल्या, चौकटीत ताणून सपाट बसविल्या, आणि प्रत्येक चौकट निरखून काम केले. रंगीत फिल्मवरील धूळ व चरे काढण्याची एक युक्तीही त्याने समजावून दिली. इन्फ्रारेड किरण रंगद्रव्यांतून आरपार जातात, धुळीला मात्र अडतात. त्यामुळे धूळ कोठे आहे हे यंत्राला कळते. पण कृष्णधवल फिल्मची चांदी त्या किरणांनाही अडविते, तेथे ही युक्ती चालत नाही. आमचे ओरखडे म्हणूनच त्याने हाताने, एकेक करून झाकले. चेहऱ्यांवर मात्र त्याने हात चालविला नाही. “जे फिल्मवर नाही ते मी घालणार नाही,” असे तो म्हणाला. आमच्या मते हीच या धंद्याची नीती होय.

वहिनी पुन्हा आल्या. पडद्यावर रांग सरकत गेली. तिसऱ्या माणसाशी त्यांनी बोट ठेवले. “हेच. टोपी अशीच तिरपी घालायचे.” एक ओरखडा त्या माणसाच्या खांद्यावरून गेला होता. तो अर्ध्या बोटाने वर असता तर वहिनींना देण्यास आमच्यापाशी काही उरले नसते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली : मूळ नोंद टिफसारख्या, काही न गाळणाऱ्या स्वरूपात मागावी. ३५ मिलिमीटरची एक रंगीत चौकट अशा रीतीने, प्रत्येक रंगाला १६ बिट देऊन, सुमारे १३० मेगाबाइट जागा घेते. फोनवर पाठविण्यासाठी लहान प्रत वेगळी करावी. दुसरी : तीन प्रती ठेवाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना याचे कारण विचारावे लागणार नाही. तिसरी : अंकीकरण झाले म्हणून निगेटिव्ह टाकू नये. हार्ड डिस्क आज ना उद्या बंद पडते. निगेटिव्ह उजेडाकडे धरली की माणूस दिसतो. ती कागदी पाकिटात, कोरड्या व थंड जागी ठेवावी, आणि वास येणारी इतरांपासून वेगळी काढावी. चौथी, आणि सर्वांत निकडीची : चित्रातील माणसे, जागा आणि साल लिहून ठेवावे. ते कोणतेही यंत्र खात्रीने सांगू शकणार नाही. ते सांगणारी म्हातारी माणसे परळ-लालबागच्या खोल्यांतून अजून बसलेली आहेत, पण थोडकी.

शेवटी मजुरीविषयी बोलल्याखेरीज आम्हास राहवत नाही. हे काम बहुधा चौकटीमागे दर ठरवून चालते. साचेखात्यातल्या विणकराला कापडाच्या मापावर पैसे मिळत, तसेच हे. दर पाडला की हात घाईने चालतो, आणि घाईचा हात कसा असतो हे आम्ही आमच्या ओरखड्यांवरून सांगितलेच. तेव्हा चार ठिकाणी घासाघीस करून सर्वांत स्वस्त माणूस गाठण्यापेक्षा थोडी चित्रे निवडावीत आणि चांगल्या कारागिराला पुरता दाम द्यावा.

व्याख्यान संपवून घरी गेल्यावर श्रोत्यांनी एकच करावे. पोटमाळ्यावरचा तो डबा खाली काढावा, उघडावा, आणि वास घेऊन पाहावा.