“चिखलदऱ्याला जातो” एवढंच सांगून घरून निघू नका

जे ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करतात त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना माझं “म्हणजे… म्हणजे…” फार होतं, ते तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच.

मी परतवाड्याचा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, वर्षातले चार-पाच महिने घरूनच काम करतो. परतवाड्यात राहणाऱ्याला चिखलदरा म्हणजे मागचं अंगण. तीसेक किलोमीटर. धामणगाव गढीवरून जा नाहीतर घटांगवरून, दीड तासात वर. जुलै लागला की अमरावती, अकोला, नागपूरच्या गाड्या आमच्या गावातून रांगेनं वर जातात. आम्ही इथले, त्यामुळे आम्हाला वाटतं की सावधगिरी वगैरे त्यांनी बाळगायची. आम्हाला काय होतंय!

तर दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. रविवार. आम्ही पाच जण, तीन बाईक. घरी सांगितलं, “चिखलदऱ्याला जातो, संध्याकाळी येतो.” आईनं भाकरी-ठेचा बांधून दिला. वर गर्दी एवढी होती की पॉइंटवर उभं राहायला जागा नाही. मग एक जण म्हणाला, खाली एक नाला आहे, तिथं कोणीच नसतं. गेलो. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, तळाचे दगड दिसत होते. ऊनही पडलं होतं. नाल्याच्या मधोमध एक मोठा खडक होता, त्यावर जाऊन डबा उघडला.

अर्ध्या तासानं समोरच्या काठावरून एक गुराखी ओरडायला लागला. कोरकू दादा होते, पन्नाशीचे असतील. “निकलो बाबू, पानी आ रहा है!” आम्ही वर पाहिलं तर आभाळ निळं. आम्हाला वाटलं, गुरं पाजायची असतील म्हणून हाकलताहेत. पण ते थांबेनात. खाली पाहिलं तर पाणी चहासारखं झालेलं, त्यात सागाची पानं आणि काड्या वाहत होत्या. उठलो आणि त्यांच्या बाजूला गेलो, कारण ती बाजू जवळ होती. शेवटचा मित्र काठावर आला तेव्हा पाणी त्याच्या मांडीला लागत होतं. आमचा डबा, एकाचं पाकीट आणि दोन चपला खडकावर राहिल्या. पाच-सात मिनिटांत खडकच दिसेनासा झाला.

आता यात जादू काही नाही, साधा हिशोब आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. एखाद्या नाल्याला वरचं चार चौरस किलोमीटरचं पठार पाणी देत असेल आणि तिथं तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते २० कोटी लिटर झालं. निम्मं मुरलं म्हणा. तरी दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर उरले, आणि ते सगळे एकाच चिंचोळ्या वाटेनं खाली येणार. हा सगळा भाग बेसॉल्टचा, काळा पाषाण, आणि ऑगस्टपर्यंत माती आधीच पिऊन तट्ट झालेली असते. त्यामुळे निम्मंही मुरेल की नाही शंकाच. तुमच्या डोक्यावर ऊन आहे की पाऊस, याच्याशी नाल्याला देणंघेणं नाही. त्याला वरच्या पठाराशी मतलब.

दुसरी गोष्ट वेगाची. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा ढकलायचा जोर चौपट होतो. म्हणून काठावरून “गुडघाभरच तर आहे” असं वाटतं आणि माणूस आत पाय ठेवतो. खाली शेवाळलेला खडक. पाय एकदा सुटला की पोहता येतं की नाही हा प्रश्नच उरत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. सगळे एकमेकांना धरून उभे होते. हात धरून साखळी केली की आपण सुरक्षित, हा आपला सगळ्यांचा समज असतो. आमचाही होता. कारण गाड्या पलीकडच्या काठावर होत्या आणि आम्ही साखळी करून जायचंच ठरवत होतो. त्या दादांनी काठी आडवी धरली आणि सरळ सांगितलं, दोन-तीन घंटे बसा, उतरेल.

बसलो. पाच वाजले, सहा वाजले. फोनला रेंज नाही. तेवढ्यात कळलं की आमच्यातल्या एकाला पोहताच येत नाही, आणि तो लाजून सकाळपासून बोलला नव्हता.

पाणी उतरलं तेव्हा अंधार पडला होता. टॉर्चच्या उजेडात निघालो, घाटात धुकं, घरी पोचलो साडेदहाला. घरी बाबा नव्हते. आठ वाजेपर्यंत वाट पाहून ते आणि शेजारचे काका स्कूटरवर आम्हाला शोधायला निघाले होते. कुठं शोधणार? भीमकुंडापर्यंत जाऊन आले. तेच ते, भीमानं कीचकाला मारून टाकलं म्हणतात तिथं, ज्यावरून कीचकदरा आणि मग चिखलदरा. बासष्ट वर्षांचा माणूस, रात्रीचा घाट, पुढचं दहा फूट दिसत नाही असं धुकं. बारा वाजता परत आले. ओरडले नाहीत. हातपाय धुतले आणि एवढंच विचारलं, “कोनत्या नाल्यावर होते रे तुमी?”

मला नाव सांगता आलं नाही. नाल्याचं नावच माहीत नव्हतं.

मी पाण्यातून वाचलो याचं मला तेवढं काही वाटत नाही. पण माझ्या अर्धवट वाक्यामुळे ते दोघं रात्री घाटात होते, ते मात्र अजून डोक्यात आहे. म्हणून आजचा भाग दोरी, बूट, बॅग यांच्यावर नाही. सहलीची निम्मी सुरक्षितता घरून निघण्याआधी ठरते, आणि ती फुकट आहे.

आमच्या कामात टाइमआउट नावाचा प्रकार असतो. एका सर्व्हरनं दुसऱ्याला काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर किती वेळ थांबायचं आणि मग काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. ते ठरलेलं नसेल तर गप्प बसलेला सर्व्हर कामात आहे की मेला, कळायला मार्गच नाही. घरच्यांचं तेच होतं. तुमचा फोन लागत नाही, म्हणजे तुम्ही मजेत आहात की अडकलात? त्यांना कळणार कसं?

तर मी आता घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकतो. कोण कोण, गाडीचा नंबर, कोणत्या रस्त्यानं जाणार, नेमकी कोणती जागा, तिथून किती वाजता परत फिरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. या शेवटच्या वेळेत दोन तास जास्तीचे धरा, पंक्चर होतं, जाम लागतो. आणि वाटेत बेत बदलला तर रेंज आहे तोवरच कळवायचं. रेंज नसेल तर बेत बदलायचा नाही. हा नियम मित्रांना बोअर वाटतो, वाटू द्या.

परत फिरायची वेळ ही जागेवर पोचायच्या वेळेपेक्षा महत्त्वाची. ऑगस्टमध्ये आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, पण ढग आणि झाडीमुळे घाटात सहालाच अंधारतं. म्हणून चार वाजता जिथं असू तिथून मागे वळायचं, धबधबा दिसो न दिसो. ही वेळ सकाळी ठरवा. वर गेल्यावर, पोट भरल्यावर, कोणालाच वळावंसं वाटत नाही.

हवामानाचं म्हणाल तर आदल्या रात्री आणि निघताना, दोन्हीदा पाहायचं. विदर्भाचे जिल्हावार इशारे नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं. पिवळा असेल तर मी जातो, पण पाण्याजवळ जात नाही. नारिंगी असेल तर घरी भजी. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की “जोरदार पाऊस”, पण डोंगरात तेवढा तासा-दोन तासात पडला तर अर्थ पार वेगळा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप आहे, ते ठेवा. पण रेंज गेली की ॲप गेलं, तेव्हा डोळे वापरा: पाणी गढूळ झालं, पानं-काड्या वाहायला लागल्या, आवाज जाड झाला, की डबा-बिबा सोडून उठायचं. आणि रपट्यावरून पाणी जात असेल तर गाडी घालायची नाही. समोरची एसटी गेली म्हणून तुमची बाईक जात नसते.

घाटाचं थोडक्यात. टाकी आणि हवा परतवाड्यातच बघा. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून सुटतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. धुक्यात हेडलाइट खाली ठेवा, वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. वर जाताना सातशे मीटरच्या वर चढतो आपण, म्हणजे चार-पाच अंश गार, आणि ओल्या कपड्यात बाईकवर ते आणखी बोचतं. एक कोरडा शर्ट पिशवीत बांधून ठेवा. दारू नको, यावर मी जास्त बोलत नाही.

नंबर पाठ असू द्या: ११२, रुग्णवाहिकेला १०८, आणि वनविभागाचा १९२६. साप चावला तर चिरणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला चालवू नका, हलवू नका, लवकरात लवकर दवाखाना गाठा.

आता त्या दादांकडे परत येतो. पुढच्या रविवारी मी आणि एक मित्र त्यांना भेटायला गेलो, मिठाई घेऊन. ते गावात नव्हते, त्यांच्या मुलानं पाणी दिलं. त्याच नाल्याचं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आम्ही ज्याला “पिकनिक स्पॉट” म्हणतो ते यांचं पाणवठा-कम-न्हाणीघर आहे. वरच्या अंगाला लोक साबण लावून आंघोळ करतात, बाटल्या फोडतात, आणि खाली यांची गुरं अनवाणी माणसांबरोबर त्यातून चालतात. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे, पण कुरकुऱ्याची पाकिटं घाटात कशी उगवतात ते तुम्हीही पाहिलंय. आम्ही एक रिकामी पिशवी घेऊन जातो, आमचा कचरा त्यातून खाली आणतो. माकडांना काही देत नाही. खायला घातल्यामुळेच ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली मरतात. आणि मेळघाट हा १९७३-७४ पासूनचा, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, हे लक्षात ठेवून स्पीकर घरी. तिथं अस्वलंही आहेत. वाट सोडून झाडीत शिरायचं नाही, शिरायचं असेल तर नाक्यावर विचारून.

ज्यांच्याबरोबर लहान मुलं किंवा आजी-आजोबा आहेत त्यांनी माझं ऐकाल तर नोव्हेंबर ते जानेवारीत या. धबधबे बारीक होतात, पण गाविलगड नीट बघता येतो; पावसाळ्यात तिथं गवत एवढं वाढतं की पायरी कुठं आणि खड्डा कुठं कळत नाही. इंग्रजांनीही तो १५ डिसेंबर १८०३ ला घेतला, वेलस्लीनं ऑगस्ट निवडला नव्हता. उत्तरेच्या बाजूनं तोफा चढवायला स्टीव्हन्सनच्या तुकडीला डोंगरात कित्येक दिवस रस्ता करत जावं लागलं होतं. तटावर चढू नका, दगड सुटे झालेत. पाणी माणशी दोन लिटर बरोबर न्या, किल्ल्यात मिळेल असं धरू नका. आणि घरी मेसेज टाकताना “गाविलगड” एवढंच लिहू नका, किल्ला प्रचंड पसरलेला आहे. कोणत्या दरवाजानं आत जाणार तेही लिहा.