‘व्हेअर डू यू लिव्ह?’

इंग्रजी बोलायला शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात तीन प्रश्न भेटतात. तुझे नाव काय, वडील काय करतात आणि तू राहतोस कुठे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पाठ करून ठेवता येतात. तिसरा दिसायला तितकाच सोपा, पण खरा घोटाळा तिथेच होतो. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी एखाद्या वाडीत वाढलेल्या मुलाला कोणी ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ असे विचारले, की तो बहुधा ‘निअर कल्याण’ एवढे सांगून मोकळा होतो. वाडीतून चालत रस्त्याला यायचे, एसटीने मुरबाड गाठायचे आणि पुढे आणखी तासभर प्रवास केला की कल्याण येते. उत्तर अगदीच खोटे नाही, पण त्यात त्या मुलाचे गाव कुठेच नाही.

असे का होते? शब्द येत नाहीत म्हणून, हे उत्तर अर्धेच खरे आहे. त्याला पुष्कळ शब्द येतात. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी पाचवीत गेल्यावर ‘ए बी सी डी’ची ओळख होत असे. आज आदिवासी पाड्यावरच्या लहानग्यालाही स्ट्रीट, पार्क, मार्केट, पोस्ट ऑफिस हे शब्द माहीत असतात. पण हे शब्द ज्या वस्तीचे आहेत, ती त्याची नाही. ‘माय नेबरहूड’ म्हटले की संभाषणाच्या पुस्तकांत एक ठरावीक चित्र येते. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरे, कोपऱ्यावर दुकान, समोर बाग. ‘गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट, इट इज नेक्स्ट टू द बँक.’ डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या मुलाला हे चालून जाते. डोंगरातला मुलगा मात्र परीक्षेत ‘देअर इज अ पार्क निअर माय हाऊस’ असे लिहितो, मार्क मिळवतो आणि नकळत एक गोष्ट शिकतो, की इंग्रजी ही आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोलायची भाषा आहे. ती मग पेपर संपला की तिथेच राहते.

आता ही वस्ती खरोखर कशी आहे ते पाहू. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला खेटून सिद्धगड उभा आहे. त्याच्या माचीवर आणि पायथ्याला वाड्या. भोवती भीमाशंकर अभयारण्याचे जंगल. १९८५ साली जाहीर झालेले हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. जवळच गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, उत्तरेला माळशेज घाटाचा रस्ता आणि शेजारी शहापूर तालुका. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरे एका ओळीत नसतात. जिथे थोडी सपाटी आणि जवळ पाणी, तिथे पाच-पंचवीस घरांचा पाडा. मग मधे शेत, ओढा, थोडे रान आणि पलीकडे दुसरा पाडा. इथे पत्ता विचारला तर डावे-उजवे फारसे कोणी सांगत नाही. ‘वरच्या अंगाला’, ‘ओढ्याच्या पल्याड’, ‘आंब्याच्या खालनं जा’ अशी उत्तरे मिळतात. चढ-उताराच्या मुलखात हेच शहाणपणाचे आहे, कारण वाट वळली की डावे-उजवे बदलते. वर आणि खाली मात्र तिथेच राहतात.

गंमत अशी, की हे सगळे इंग्रजीत अगदी साध्या शब्दांत सांगता येते. ‘वी लिव्ह इन अ स्मॉल हॅम्लेट.’ हॅम्लेट म्हणजे शेक्सपिअरचा राजपुत्र नव्हे, गावाहून लहान वस्ती. आपला पाडा तोच. ‘द वेल इज अक्रॉस द स्ट्रीम.’ विहीर ओढ्यापलीकडे आहे. ‘गो अप द स्लोप, पास्ट द बिग मँगो ट्री.’ चढ चढा, मोठा आंबा मागे टाका. ‘हाकेच्या अंतरावर’ हा आपला वाक्प्रचार भाषांतर होणार नाही असे वाटते, पण इंग्रज माणूसही ‘विदिन शाउटिंग डिस्टन्स’ म्हणतोच. त्याच्याही खेड्यात कोणीतरी कोणाला कुंपणावरून हाक मारत असणार.

अडते ते वाक्याच्या घडणीशी. मराठीत ‘माझ्या घराजवळ विहीर आहे’ असे आपण म्हणतो. क्रियापद शेवटी, जागा आधी. त्याच क्रमाने गेले की ‘निअर माय हाऊस वेल इज’ असे काहीतरी तयार होते. इंग्रजीला आधी ‘देअर इज’ म्हणून दार उघडावे लागते, मग वस्तू आणि सर्वांत शेवटी जागा. ‘देअर इज अ वेल निअर माय हाऊस.’ ही एक किल्ली हाती आली की गावाचा निम्मा नकाशा बोलता येतो. दुसरी अडचण म्हणजे आपल्या बोलण्यात मुरलेले अर्धे इंग्रजी. ‘देवळाच्या बॅकसाइडला’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो, पण परक्या पाहुण्यासमोर ‘बॅकसाइड ऑफ द टेंपल’ म्हटले, तर त्याला हसू आवरावे लागेल, कारण त्याच्याकडे तो शब्द आधी माणसाच्या पार्श्वभागाची आठवण करून देतो. ‘बिहाइंड द टेंपल’ म्हणावे. तसेच ‘आमच्या साइडला पाऊस फार’ हे ‘अवर साइड’ने साधत नाही. ‘इट रेन्स अ लॉट इन अवर एरिया’ असे साधे वाक्य पुरते.

पण प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द हवाच का? भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची आपली जुनी पद्धत म्हणजे राब. फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचे आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी पेरायचे. याला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणाल? हा प्रश्न इंग्रज अधिकाऱ्यांनाही पडला होता. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली निघाले. पुढे त्याच दशकात, राबासाठी झाडांच्या फांद्या तोडू द्याव्यात की नाही, हा ठाणे-कुलाब्यातल्या शेतकऱ्यांचा आणि जंगल खात्याचा मोठा वाद झाला आणि त्यासाठी सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्या सगळ्या इंग्रजी लिखाणात राब हा ‘राब’च राहिला. राज्यकर्त्यांनी शब्द तसाच ठेवला आणि त्याचा अर्थ सांगितला. मुंगूस तर मराठीतून निघून ‘मंगूस’ होऊन इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले. घाट हा शब्दही तसाच तिकडे गेला. तेव्हा मुलाने ‘वी मेक राब इन समर’ असे म्हणून पुढच्या वाक्यात राब म्हणजे काय ते सांगितले, तर ते कच्चे इंग्रजी ठरत नाही. पाडा, माची, खिंड, शेकरू हे शब्द त्याने खुशाल वापरावेत. ‘माची इज द फ्लॅट लँड बिलो द टॉप ऑफ द फोर्ट’ असे जो सांगू शकतो, त्याला माचीही कळली आहे आणि इंग्रजीही.

शेजाराचेही तसेच. पुस्तकातला ‘नेबर’ भिंतीपलीकडचा असतो. तो सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो आणि कधी साखर मागायला येतो. पाड्यावर शेजारी म्हणजे लावणीला आपल्या खाचरात उतरणारा, घर शाकारायला येणारा, रात्री-अपरात्री आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत नेणारा. हे सांगायला अवघड शब्द लागत नाहीत. ‘अवर नेबर्स हेल्प अस टू प्लांट राइस. वी हेल्प देम द नेक्स्ट डे.’ दोन लहान वाक्ये, पण ऐकणाऱ्याला त्यातून एक समाज दिसतो.

आणि सांगण्यासारखे इथे काय कमी आहे? याच सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. माथेरानला १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडच्या स्मारकापाशी माणसे जमतात. ‘देअर इज अ मेमोरिअल निअर अवर व्हिलेज. टू फ्रीडम फायटर्स डाइड हिअर इन नाइन्टीन फॉर्टी-थ्री.’ आठवीतल्या मुलीला जमतील अशी ही वाक्ये आहेत. बागेच्या खोट्या वाक्याच्या जागी तिने ही म्हटली, तर तिचा आवाज आपोआप थोडा वर चढेल.

काही वाक्ये मात्र ऐकायला कडू असतात. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि भातसावर तर आज मुंबईची मोठी मदार आहे. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरच्या बायका टँकरची वाट पाहतात. ‘द वॉटर ऑफ अवर तालुका गोज टू मुंबई. इन मे, वी वेट फॉर द टँकर.’ यात व्याकरण पाचवीचे आहे. हे वाक्य एखाद्या बाहेरच्या अधिकाऱ्यासमोर, पत्रकारासमोर किंवा परदेशी पाहुण्यासमोर त्या पाड्यावरच्याच कोणाला तरी स्वतः म्हणता यावे, यासाठी बोलायचे इंग्रजी हवे. नाहीतर आपल्या गावाविषयी दुसरेच कोणी बोलते आणि आपण शेजारी उभे राहून मान हलवतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जाणारे ‘वाघिणीचे दूध’ आपण दीडशे वर्षे ऐकत आलो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबांची पिढी घडली, पुढे एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर रॅपिडेक्स आले आणि आता मोबाइलवर शिकवण्या आहेत. साधने बदलली, तरी या भाषेचा धाक फारसा ओसरलेला नाही. मुरबाडच्या कारखान्यात, कल्याणच्या दुकानात किंवा कॉलेजच्या मुलाखतीत ‘टेल मी समथिंग अबाउट युवर प्लेस’ असे विचारले, की मुले गप्प होतात. आपल्या गावात सांगण्यासारखे काही नाही, अशी त्यांची समजूत झालेली असते. आणि सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याचे गिर्यारोहक सिद्धगड, गोरखगडावर येतात, तेव्हा त्याच मुलांना प्रत्येक झाडाचे, वाटेचे, पाण्याच्या टाक्याचे नाव ठाऊक असते. वाट दाखवणाऱ्या मुलाला चार वाक्ये नीट सांगता आली, तर तो नुसता पिशवी उचलणारा राहत नाही. पाहुणे त्याला प्रश्न विचारू लागतात.

याच मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या शाळेत साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन बसल्या. त्यांचा धडा मराठीचा होता, इंग्रजीचा नव्हे. अंगठा सोडून स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहायचे, एवढ्यासाठी त्या बसल्या. भाषा शिकण्याची ही सुरुवात आपल्या विषयालाही लागू पडते. आधी आपले नाव, मग आपले घर, मग आपला पाडा. आणि पाड्यातल्या कोणत्या कातळाला काय म्हणतात, कुठले पाणी मे महिन्यापर्यंत टिकते, कुठल्या रानात कधी काय उगवते, हे मुलांना सांगणार कोण? त्याच आजी. इंग्रजी शाळेत मिळेल. त्या इंग्रजीत सांगायचा मजकूर घरातच आहे.

म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते, मग ते डोंगरातल्या वाडीत राहत असोत की शहरातल्या चाळीत. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन घराभोवती अर्धा तास फिरून या. जे खरोखर दिसेल त्याचीच दहा वाक्ये करायची. पहिली पाच ‘देअर इज’ने, पुढची पाच ‘वी’ने. नाल्याला घाण येत असेल तर तेही वाक्यात येऊ द्यावे. प्रतिशब्द सापडला नाही तर मराठी शब्द तसाच ठेवावा आणि पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ सांगावा. चूक झाली तर लगेच टोकू नये, वाक्य पुरे होऊ द्यावे. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांना विचारावे, की आपल्या आळीला हे नाव का पडले, ही विहीर कोणी खणली. त्यांनी मराठीत सांगायचे, मुलांनी इंग्रजीत. दहा वाक्ये झाली की मुलाला मोठ्याने विचारावे, ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ आणि त्याने ‘निअर कल्याण’ म्हटले, तर हसत पुन्हा विचारावे, ‘व्हेअर निअर कल्याण?’