गगनयान प्रक्षेपक

गगनयान प्रक्षेपक : भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या मानवी अवकाश-उड्डाण प्रकल्पासाठी निवडलेले तीन टप्प्यांचे रॉकेट. ‘एलव्हीएम-३’ या प्रक्षेपकात मानवी सुरक्षिततेच्या दृष्टीने सुधारणा करून ते बनविले जाते. त्याच्या दोन्ही बाजूंस घन इंधनाची ‘एस-२००’ रॉकेटे असून प्रत्येकात सु. २०० टन इंधन असते. मधल्या टप्प्यात द्रव इंधनाची दोन ‘विकास’ एंजिने, तर वरच्या टप्प्यात एक निम्नतापी एंजिन असते.

द्रव इंधनाचे एंजिन बंद करता येते. घन इंधन मात्र एकदा पेटल्यावर विझविता येत नाही. म्हणून त्याच्या पोलादी कवचाच्या निर्दोषपणास विशेष महत्त्व असते. गगनयानासाठी या कवचाचा ३.२ मी. व्यासाचा मधला भाग मुंबईतील पवई येथील लार्सन अँड टूब्रोच्या कारखान्यात तयार होऊन २०२० मध्ये संघटनेच्या हाती आला.

इतकी दक्षता घेऊनही उड्डाणात बिघाड होण्याची शक्यता उरतेच. त्यासाठी प्रक्षेपकाच्या अग्रभागी बचावयंत्रणा बसविलेली असते. तिची लहान घन इंधन रॉकेटे अंतराळवीरांचा कक्ष प्रक्षेपकापासून वेगाने दूर नेतात. नंतर तो हवाई छत्र्यांच्या साहाय्याने समुद्रात उतरतो. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे एका चाचणी-रॉकेटावर या यंत्रणेची निर्मनुष्य चाचणी यशस्वी झाली.