शिंका आंब्याच्या की गाजरगवताच्या?

वर्षावासात आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असताना शिंकांनी व डोळ्यांच्या खाजेने कित्येक उपासक-उपासिका बेजार होतात. पिस्त्याच्या झाडाच्या परागांमुळे ॲलर्जी होते आणि आंबा त्याच कुळातला, असे कोणाच्या तरी वाचनात आले. झाले! आवारातील आंबा तोडावा, अशी सूचना पुढे आली. हेतू चांगला आहे, पण आम्हांला ती पटत नाही.

कूळ एक, हे खरे. आंबा, काजू, चारोळी, बिब्बा, पिस्ता ही सारी भावंडेच. (बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय होते, ते घरातील आजीला विचारावे.) परंतु पिस्त्याची नर व मादी झाडे वेगळी असतात आणि पराग नेण्याचे काम वारा करतो. म्हणून नर झाड हलके पराग भरपूर उधळते. त्याच्या बागा इराण, तुर्कस्तान, कॅलिफोर्नियात; मराठवाड्यात नाहीत. आंब्याचे पराग मुख्यतः माश्या व इतर कीटक वाहतात. मोहोराखाली बसून एखाद्याला त्रास होतो, नाही असे नाही. पण मोहोर येतो पौष-माघात आणि आपण शिंकतो श्रावण-भाद्रपदात! बोधिवृक्षावर तर संशयच नको. पिंपळाची फुले फळाच्या आत दडलेली असतात आणि एक चिमुकला कीटक आत शिरून पराग पोहोचवतो.

मग त्या दिवसांत फुलते काय? विहारामागचा मोकळा प्लॉट पाहावा. पांढऱ्या बारीक फुलांचे गाजरगवत कमरेइतके वाढलेले असते. अमेरिका खंडातील हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले व पुढे देशभर पसरले. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या परागांनी सर्दी व दमा बळावतो, तर पानांवरील लवेतील पार्थेनिन या द्रव्याने कातडीला खाज सुटते, चट्टे उठतात.

तेव्हा आंबा राहू द्यावा. आषाढाच्या पावसाने जमीन मऊ झाली की, फुले येण्यापूर्वी, सर्वांनी श्रमदानाने हे गवत मुळासकट उपटावे. हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, नाकाला रुमाल बांधावा. पानांवर काळे पट्टे असलेले फिकट भुंगेरे दिसले तर मारू नयेत. ते मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूरला मुद्दाम सोडलेले कीटक, गाजरगवताचीच पाने खातात. ज्यांना दमा किंवा खाज आहे, त्यांनी उपटण्याच्या कामात मुळीच पडू नये. सतरंज्या धुण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. धाप लागत असेल तर मात्र घरगुती उपाय पुरेत, डॉक्टरांना दाखवावे.