सिगारेट महागली, बिडीचे काय?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. ट्रकचालक, रिक्षावाले, कामावर निघालेले मजूर यांची इथे दिवसभर वर्दळ असते. अशा ठिकाणच्या टपरीवर कोणी सिगारेट मागतो, कोणी बिडीचे बंडल, कोणी तंबाखूची पुडी. सिगारेट महागली की एखादा ती सोडतो. दुसरा मुकाट्याने बिडीकडे वळतो. करवाढीने आरोग्य किती सुधारेल, हे या दोघांपैकी कोण जास्त, यावर ठरते.

करवाढ हा व्यसन कमी करण्याचा खात्रीचा उपाय मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तंबाखूची किंमत 10 टक्क्यांनी वाढली, तर श्रीमंत देशांत खप सुमारे 4 टक्क्यांनी आणि विकसनशील देशांत सुमारे 5 टक्क्यांनी घटतो. ज्याचा खिसा लहान, त्याच्यावर परिणाम मोठा. म्हणूनच मुले आणि तरुण सुरुवातच करत नाहीत, हा या उपायाचा सर्वांत मोठा फायदा. विक्रीच्या किमतीत कराचा वाटा किमान 75 टक्के असावा, अशी संघटनेची शिफारस आहे.

आपल्याकडे सिगारेटवरील कर वाढत गेला. 1 फेब्रुवारी 2026 पासून तिच्यावर 40 टक्के जीएसटी आहे, शिवाय लांबीनुसार उत्पादन शुल्क वेगळे. बिडीची गोष्ट उलटी. तिच्यावरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय सप्टेंबर 2025 मध्ये झाला. देशात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त आहेत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 7.7 टक्के प्रौढ बिडी, तर 4 टक्के सिगारेट ओढत होते.

बिडी ‘पानाची’ म्हणून सौम्य, हा गैरसमज आहे. तेंदूचे पान नीट जळत नाही. बिडी विझू नये म्हणून वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात. त्यातून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जाते. फुप्फुसाचा व तोंडाचा कर्करोग, दमछाक करणारा सीओपीडी, हृदयविकाराचा झटका हे धोके बिडीतही आहेत. बर्जर नावाच्या आजारात हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोटे काळी पडतात. तरुण वयात पाय कापण्याची वेळ आलेल्या अशा रुग्णांत बिडी ओढणारे अनेक असतात.

बिडीवर कर वाढवला तर कामगारांचे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. द्वारकेहून पुण्याच्या रस्त्याने जाताना लागणारे सिन्नर बिडी उद्योगासाठी ओळखले जाते. घरी बसून बिड्या वळणाऱ्यांत बहुतांश महिला आहेत. 1976 च्या कायद्याने बिडीवर उपकर बसवून त्यांच्या कल्याणासाठी निधी उभा केला होता. जीएसटी येताना, 2017 मध्ये, तो उपकर बंद झाला. आता बिडी स्वस्त ठेवून या महिलांची मजुरी वाढत नाही. वाढीव करातला ठरावीक वाटा त्यांच्या दुसऱ्या रोजगारासाठी आणि उपचारांसाठी राखला, तर त्यांचे खरे भले होईल.

हे अशक्य नाही. फिलिपिन्सने 2012 मध्ये कायदा करून स्वस्त आणि महाग सिगारेटींच्या करातील फरक टप्प्याटप्प्याने मिटवला आणि वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग आरोग्यसेवेकडे वळवला. तिथे तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण 2009 मधील 29.7 टक्क्यांवरून 2015 मध्ये 23.8 टक्क्यांवर आले. स्वस्त पर्यायाची पळवाट बंद करणे, हा त्यातला धडा.

महाराष्ट्रात तर आणखी एक पळवाट आहे. त्याच पाहणीनुसार राज्यात 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करतात, पण 24.4 टक्के तंबाखू खातात. खाण्याची तंबाखू स्वस्त राहिली, तर धूर कमी होईल, कर्करोग नाही.

किंमत वाढल्यावर सोडायची इच्छा होते, पण तलफ लगेच जात नाही. पहिले काही दिवस चिडचिड, झोप न लागणे, अस्वस्थता जाणवते. निकोटिनच्या गोळ्या वा च्युइंगमने ती कमी करता येते. 1800-11-2356 या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. करवाढीचा दिवस हा तो क्रमांक फिरवण्याचाही दिवस ठरावा.