तबकडीचे वार्धक्य : खरे आणि बनावट

तत्कालीन म्हैसूर राज्यातील बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी उद्योगाने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे तयार करण्यास आरंभ केला. ‘जनता’, ‘पायलट’ ही चावीची घड्याळे पुढे घरोघरी पोहोचली. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. आज संग्राहक अशी जुनी घड्याळे शोधत असतात. आणि जुनेपणाला किंमत आली की जुनेपणाची नक्कलही होऊ लागते. ही नक्कल बहुधा तबकडीवर केली जाते.

तबकडी म्हणजे सामान्यतः पितळेची पातळ चकती. तिच्यावर रंगाचा अथवा चांदीचा मुलामा देऊन वर पारदर्शक रोगण चढवितात. प्रकाश, दमट हवा आणि उष्णता यांमुळे रोगण पिवळसर होते, हवेतील गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते, तर काही काळे रंग तपकिरी छटा धारण करतात. अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांत रेडियम व जस्त सल्फाइड यांचे मिश्रण असे. किरणोत्सर्गाच्या सततच्या माऱ्याने जस्त सल्फाइड निकामी होते. आकडे तपकिरी पडतात व त्यांची चमक लोपते.

हा परिणाम घडविण्यास निसर्गाला अनेक दशके लागतात. कारागीर तो थोडक्या अवधीत साधतो. तबकडी भट्टीत तापविणे, उन्हात ठेवणे, चहा-कॉफीच्या पाण्याने डागविणे, आकड्यांत मुद्दाम पिवळट रंग भरणे, हे त्याचे ठरलेले उपाय होत. काही कंपन्या आपल्या नव्या घड्याळांतही असा पिवळट रंग उघडपणे वापरतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र केलेला बदल लपवून घड्याळ ‘मूळ स्थितीतील’ म्हणून विकले, तर ती फसवणूक ठरते.

खरे वार्धक्य सर्वत्र सारखे नसते. घड्याळाच्या चौकटीखाली झाकलेली तबकडीची कड प्रकाशापासून बचावल्याने बहुधा कमी बदललेली आढळते. कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा डाग दिसल्यास शंका घ्यावी. आकड्यांचा रंग जुना भासत असूनही उजेडात धरल्यावर ते अंधारात दीर्घकाळ चमकत राहिले, तर तो रंग नंतर भरलेला समजावा.

परीक्षेच्या भरात आकडे खरवडणे मात्र सर्वथा टाळावे. चमक गेली तरी रेडियम तेथेच असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे तबकड्या रंगविणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांनी साधत. १९२० च्या दशकात त्यांपैकी कित्येकींना जबड्याच्या व हाडांच्या असाध्य व्याधींनी मृत्यू आला. जुनी तबकडी साफ करण्याचे वा बदलण्याचे काम म्हणूनच जाणकार घड्याळजीवर सोपवावे, आणि काय बदलले ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. घड्याळ पुढे ज्याच्या हाती जाईल, त्यालाही तो कागद मिळावा.